दोन बोटं मागे

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात
साडेअकरा हजारांत घेतला.
दुकानदार म्हणाला, ताई, सगळं पुसून दिलंय.
फडक्याने पुसलं होतं,
हे घरी आल्यावर कळलं.

कळांच्या खाली ती चौकोनी पाटी,
पत्त्याच्या पानाहून जराशी मोठी, गार.
डावीकडे झिजून चकाकत होती,
मसाला वाटून वाटून पाटा मधोमध चकाकतो तशी.
मी म्हटलं, डावखुरं होतं कुणीतरी.

शनिवारी भाचा आला भांडुपला, ओजस, शिकवायला.
एक बोट फिरवलं की बाण फिरतो.
दोन बोटं वर-खाली, पान सरकतं.
दोन बोटं उजवीकडे, मागचं पान येतं.
"हळू गं आत्या, पोळपाट नाहीये तो."

माझी बोटं पहाटेपासून साठ पोळ्यांची.
टोकांना पीठ, पिठाखाली तेल.
पाटी मला ओळखेचना.
पदराला पुसून पुन्हा ठेवली,
तर वर ढकलते आणि पान खाली येतं.
"दिशा उलटी लावलीय कुणीतरी. बदलू?"
चहा उतू चालला होता.
राहू दे, म्हटलं.

रात्री डबे घासून पालथे घातले
आणि बसले एकटीच.
एक पान आधीपासून उघडं होतं:
जुना लॅपटॉप विकला तर किती येतील.
हाच की. माझ्या मांडीवरचा.

स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात,
मी दोन बोटं टेकवली.
उजवीकडे काही हलेना.
इथेही उलटंच असणार,
म्हणून डावीकडे ढकललं, आणि

नालासोपाऱ्यात खोली, अनामत कमी.
अनामत परत देत नसतील तर काय करावं.
राजीनाम्याचा नमुना, मराठीतून.
दुसऱ्याच्या पिशवीत हात घातल्यासारखं झालं,
तरी हात काही बाहेर काढला नाही.
डावखुऱ्यांसाठी कात्री, कापड कापायची.
(बघा, म्हटलं नव्हतं मी?)
नाटकाचे कपडे शिवायला माणूस हवा, गोरेगाव.
खेकडे शिजवताना नांग्या आधी काढाव्यात का.

काढाव्यात.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
आणि कालवणात जरा चिंचही.

अशी अकरा पानं.
अकरावं आलं तेव्हा हसूच फुटलं:
दोन बोटांनी मागचं पान कसं आणायचं.
त्याच्याही मागे जायला गेले
तर पान जरासं ताणलं, थरथरलं,
आणि आतून कडी असावी तसं जागच्या जागी आलं.

तो की ती, काही कळलं नाही.
एक हात तेवढा कळला,
यंत्र नवं होतं त्या दिवशी
माझ्याइतकाच अडाणी.

मग उजवीकडे. एकेक पान पुढे.
खेकडे. गोरेगाव.
कात्रीपाशी बोटं थांबली.
इथेच ठेवता आलं असतं त्याला,
नव्या कात्रीची किंमत बघत,
राजीनाम्याच्या एक पान अलीकडे.

पण लोकांचं सामान हलवू नये.
होतं तिथे नेऊन ठेवलं.
सात हजार येतील, असं लिहिलं होतं तिथे.
दुकानदाराने किती टेकवले, कोण जाणे.

शेजारी माझं पान उघडलं, कोरं.
एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं:
डब्याचा दर वाढवल्याचं
जुन्या गिऱ्हाइकांना कसं सांगावं.

ओजस फोनवर विचारतो, दिशा सरळ करून देऊ का.
आता नको रे.
वर ढकलते, पान खाली येतं,
आणि हाताला ते ठाऊक असतं.