खळ

पहिल्या गुरुवारी बाईंनी नुसते पेपर फाडायला लावले.
तांडापेठेतली बंद पडलेली शाळा, वरचा मजला,
फळ्यावर अजून कुणाची तरी अर्धी बेरीज.
आम्ही अकरा जण. डॉक्टरनं चिठ्ठीवर
गोळ्यांच्या खाली लिहून दिलं होतं :
गुरुवार, चार वाजता.
जणू तीही गोळीच, जेवणानंतरची.

पेपर उभा सरळ फाटतो, आडवा वाकडा.
मला ठाऊक होतं. तीस वर्षं मागावर बसलो,
ताणा कुठला, बाणा कुठला, बोटं सांगतात.
पण माग भंगारात गेल्यापासून
बोटांना कुणी काही विचारलं नव्हतं.
"हेडाऊजी, पाहा बरं तुमची पट्टी कशी निघाली,"
गजभिये बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी पाहिली.
फाटक्या पेपरची एक पट्टी.
घरी जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं.
सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी खळ शिजवली.
मैदा, पाणी, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद.
वास आला आणि मी उठून व्हरांड्यात गेलो.
आमच्या गल्लीत पहाटे पाजणी व्हायची,
या खांबापासून त्या खांबापर्यंत सूत ताणलेलं,
बाप कुंचा घेऊन पळायचा, माय त्याच्यामागे,
आणि हाच वास.
कठडा धरून उभा राहिलो.
नुसरत आपा आल्या. बोलल्या काहीच नाहीत.
खळीचे हात ओढणीला पुसत
शेजारी उभ्या राहिल्या.

तान्ह्या पोळ्याला आपणही बडग्या काढू, ठरलं.
मोहल्ल्यातली पोरं महागाईचा काढतात,
आपला कोणाचा?
"पहाटेच्या तीनचा," संघपाल म्हणाला.
कुणी हसलं नाही.
सगळे त्याला ओळखत होते.

तोंड? नको जी, तो बोलत नाही, बोलायला लावतो.
डोळे? डोळेच डोळे.
मग गोळ्यांची रिकामी पाकिटं आली,
तांदळाच्या डब्यातून, गादीखालून,
स्कूटरच्या डिक्कीतून, इतके दिवस लपवलेली.
चांदीचे डोळे झाले, दोनशे तरी.

पोटात चिठ्ठ्या घालायच्या होत्या, जे जे जावं त्याच्या.
नुसरत आपांनी कागद परत दिला.
"वीस वर्षं झाली भाई जाऊन. रोज बोलते माझ्यासंग,
कधी शिव्या देते. पण त्याले जाळू नका जी.
आवाज जरा कमी कर म्हणून सांगीन मी."
बाई बराच वेळ गप्प होत्या.
मग दोघींनी मिळून वीतभर माणूस केला
आणि खिडकीत ठेवला, रस्त्याकडे तोंड करून.

हवा दमट, बडग्या वाळेना.
बिनपाण्याचा कूलर लावला त्याच्यावर.
राखायला संघपाल थांबला, ज्याला झोप येत नाही,
आणि सकाळी सापडला बडग्याच्या पायाशी,
तोंड उघडं, घोरत.
(दुसऱ्या रात्री पुन्हा टक्क जागा. उगाच खोटं कशाला.)

मिरवणुकीत आमचा सगळ्यात बुटका.
डफ, धूळ, माणसावर माणूस,
ईडा पीडा घेऊन जाऽऽ गे मारबत!
"हा कोण बे?" बंदोबस्तातल्या हवालदारानं विचारलं.
पहाटेचे तीन, साहेब.
त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं,
त्या दोनशे डोळ्यांकडे पाहत राहिला
आणि हळूच म्हणाला, "घेऊन जा रे बाप्पा याले."

कागद भुर्रकन जळाला. बांबू फुटले.
पाकिटं तेवढी जळाली नाहीत,
राखेत लुकलुकत राहिली.

त्या रात्री तीनला मी जागाच होतो.
नखांत खळ अडकली होती, कोरत बसलो.
बायकोला उठवलं नाही.
तीही जागीच होती.
तिला त्या पट्टीचं सांगितलं.