तोरगुंजीचा दगड

खानापूरहून सातच मैल,
पण पोलिसांची व्हॅन लागल्यापासून गाव लांब वाटतं.

तळ्याच्या बांधावर, करंजाखाली
कमरेएवढा वीरगळ. तीन मजले त्याला.
तळाला दोन माणसं एकमेकांच्या पोटात तलवार घालून उभी,
मधे अप्सरा एकाला काखेत धरून नेतायत,
कोणत्याला, ते कळत नाही.
वर पिंड, नंदी, चंद्र, सूर्य.
चंद्राचा टवका गेलाय, सूर्यावर कावळ्याचं पांढरं.

गोष्ट अशी सांगतात:
देसाई वारला. एका आईची दोन पोरं, वतन एक.
थोरला गढीत बसला, धाकटा माळावर.
चौदा महिने गावानं गावाला मारलं,
साडूनं साडूला, कुळानं कुळाला.
एक न्हावी तर म्हणे अर्धी हजामत टाकून
गिऱ्हाइकाच्याच मागे कोयता घेऊन धावला.
शेवटी वतन तिसऱ्याच कुणी नेलं.
जे उरले ते या दगडाभोवती पंगतीला बसले.

आता एक समिती म्हणते, हा थोरला, मराठी वीर.
दुसरी म्हणते, धाकटा, कन्नड वीर.
दर एक नोव्हेंबरला दगडाला शाल चढते,
रात्रीत ती तळ्यात जाते,
सकाळी दुसरी.
एका वर्षी डांबर. एका वर्षी दूध.
एका वर्षी तहसीलदारानं पोतं घालून सुतळीनं आवळला,
तेव्हा तो पहिल्यांदाच माणसासारखा दिसला,
अटक झालेल्या.

मी भरमाण्णा पेंटर. दोन्ही लिप्या हातात आहेत.
मराठी अक्षर रेघेला लटकतं, ओल्या लुगड्यासारखं;
कानडी आपल्यातच मुरडून बसतं, उन्हातल्या मांजरासारखं.
एका डब्यातला रंग दोघांना पुरतो.
दोन्ही समित्या आल्या, एकाच आठवड्यात:
नाव कोरलेलं आहे, झिजलंय, तू लाल भर.
पाचशे इकडून इसार, पाचशे तिकडून.

पहाटे गेलो. राखणीला हवालदार मडिवाळर, रायबागचा.
"एन बरीती?" म्हणाला, मग आपणच,
"काय लिवालास रे?"
म्हटलं, आधी वाचू तर दे.

गुडघे टेकले. बोट फिरवलं.
नावाच्या जागी पन्हळ.
गुळगुळीत, तिरकी.
तिच्या शेजारी दुसरी. तिसरी.
असली झीज पावसाची नसते.
मला ओळखीची होती ती.
सुगीच्या आदल्या दिवशी आई इथंच बसायची,
इळा पाण्यात बुडवून खर्र, खर्र,
मागे रांगेत गंगव्वा, जनाक्का,
शिवी कानडीत, हसणं मराठीत.
भात कापायला धार लागते
आणि गावात दुसरा बरा दगड नव्हता.
थोरला असो की धाकटा,
आम्ही त्याला भातातून खाल्लाय.

हे सांगायचं कुणाला?
दोन्ही समित्यांना आया आहेत.

मग जे उरलं होतं तेवढं रंगवलं:
दोन तलवारी, दोन पोटं,
अप्सरेचं कोपर, नंदीचं वशिंड.
पन्हळीत ब्रश घातला नाही.

दोघांनीही बाकीचे पैसे बुडवले.
एकानं दुकानाची पाटी फोडली. कोण, ते सांगत नाही.
पाटी दोन्ही लिप्यांत होती.

मडिवाळरनं तेवढं विचारलं,
डब्यात थोडा उरलाय का, सायकलच्या मडगार्डला.
दिला.
तो दगडाकडं पाठ करून मडगार्ड रंगवत बसला,
आणि तळ्यापलीकडून एक बाई आली,
कमरेला इळा.
पोलीस बघून थांबली.
ओला लाल रंग बघून थांबली.
मग खाली उतरून, तळ्याच्या पायरीवर पाणी शिंपडून,
तिथंच धार लावायला लागली.