याला देठ नाही

नोव्हेंबरात माझ्या वर्गात बाकं असतात, मुलं नसतात.
अंतालाहामागच्या डोंगरावर व्हॅनिला फुललेली असते
आणि फूल एकच सकाळ उघडं राहतं.
दुपारी मिटतं, संध्याकाळी मऊ पडतं,
दुसऱ्या दिवशी पायाखाली सापडतं.
तरी मी फळ्यावर काढतो:
निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग.
हिरवा खडू संपलाय, म्हणून देठ निळा.

सुआहारी आली ती बुधवारी, पावणेबाराला,
बोटांना पिवळं, चिकट काही लागलेलं.
नेमकी देठापाशी थांबली.
"सर, याला देठ नाही."
मी म्हटलं, फुलाला देठ असतो.
"हा अंडाशय आहे. हाच पुढे शेंग होतो.
सकाळपासून सहाशे फुलांना हात लावला,
देठ एकालाही नव्हता."

शनिवारी तिच्यामागून मळ्यात गेलो,
पदवी घरी ठेवून.
वेल पेऱ्यापेऱ्यातून मुळं काढून
आधाराच्या झाडाला बिलगलेली.
मातीतली मुळं पाणी शोधतात,
वरच्यांना एवढंच काम, सोडायचं नाही.
तिची आत्या वुलासुआ म्हणाली,
"जूनमध्ये शेंडे खुडले.
शेंड्याला वर जायची हाव असते,
ती मोडली की वेलीला लेकरं आठवतात."
विभाजी ऊती, मी मनात म्हटलं,
आणि वहीत तिचंच वाक्य लिहिलं.

परागकोश वर, कुक्षी खाली,
मधे एक पातळ पापुद्रा.
दोघं एकाच घरात, आणि मधलं दार बंद.
ते उघडणारी माशी म्हणे
समुद्रापलीकडेच राहून गेली.
सुआहारी लिंबाच्या काट्याने पाकळी चिरते,
पापुद्रा उचलते, अंगठ्याने पराग खाली टेकवते.
माझा श्वास आत जातोय, तोवर तिचं पुढचं फूल.
मी अकरा फुलं केली.
नऊ दुसऱ्या दिवशी गळली.
उरलेल्या दोघांत, कुणी बघत नसताना,
परागनलिका कुक्षीवृंतातून उतरल्या असणार.
जलवाहिन्यांतून पाणी वर,
पानांकडून रसवाहिन्यांतून साखर,
आणि शेंग लांबत गेली,
गाभण जनावरासारखी, घाई न करता.

एप्रिलच्या शेवटी वुलासुआ
बुचात सात टाचण्या खोवते
आणि हिरव्या शेंगेवर दाबते, एकेका शेंगेवर.
मे महिन्यात चोर चंद्र बघून येतात.
अपित्वचा फुटते, दोन थेंब येतात,
मग शेंग स्वतःच त्या भोकांवर
बुचाचा थर चढवते.
बुचाने केलेली जखम बुचानेच बुजते.

तरी यंदा अर्धा मळा गेला.
बाजारात रात्सिम्बाच्या तराजूवर हिरवा ढीग,
प्रत्येक शेंगेवर ठिपकेच ठिपके:
तेरा, सोळा, मोजता न येणारे.
रात्सिम्बा म्हणाला, "ही माझी खूण."
हवालदाराने खांदे उडवले.
सुआहारीने एक शेंग उचलली, उन्हाकडे धरली,
नखाने चाचपली.
"हे सात उंच आहेत, तपकिरी, कोरडे.
बाकीचे सपाट, अजून ओले.
जखम काल झाली की महिन्यापूर्वी,
हे शेंगेला कळतं."
वेलीचा चीक लागला की कातडी पेटते.
रात्सिम्बाचा गडी मागे उभा राहून
दोन्ही मनगटं खाजवत होता.
हवालदाराने तराजूकडे पाहणं सोडलं.

वार्षिक परीक्षेचा कागद राजधानीतून येतो.
प्रश्न चौथा: आकृतीतील देठाचे कार्य लिहा.
सुआहारीने तिथे चारच शब्द लिहिले.
उत्तरसूचीप्रमाणे शून्य.
मी लाल पेन बराच वेळ हातात धरून बसलो,
मग चहा करायला उठलो.

आता हिरवा खडू आलाय.
मी त्याने अंडाशय काढतो, लांब, किंचित पिळलेला,
थेट खोडातून निघणारा,
आणि त्यावर टोकाने सात ठिपके देतो.
कशाचे, म्हणून विचारायला
वर्गात कोणी नसतं.
नोव्हेंबर आहे.