लाकडातलं लोखंड

पहाटे साडेपाचला दोर तपासतो.
चहाच्या आधी, हाताने, वळ वळ चाचपत.
जिथे तंतू उभा राहिलाय तिथे बोट थांबतं.
विमल म्हणते, माळ ओढताय का?
म्हणतो, हो. मणी चुकला तर खाली माती.

मग मोपेडवर करवत, कोयता, दोन दोर,
बाटलीत पेट्रोल, त्यात मोजून तेल.
डभोईच्या रस्त्याला, वळणावर,
बिडी विझवत उभा असतो नगीन राठवा.
तो दोर धरतो, मी वर जातो.
सहा वर्षांत आम्ही फारसं बोललो नाही.
दोराला एक झटका म्हणजे सोड,
दोन म्हणजे थांब,
तीन कधी द्यावे लागले नाहीत.

आजा नंदुरबारकडून आला, लाकडं फोडायला.
मी इथलाच, तरी गावात नाव 'मराठी'.
"मराठीने बोलाव, डाळ कापवी छे."
लहानपणी वाटायचं, डाळ कापतात कशी,
ती तर शिजवायची असते.
आता फांदी म्हटलं की परकं वाटतं,
डाळ म्हटलं की भूक लागते.

आज कालव्यापलीकडे एक बंद घर.
मालक हसमुखभाई कॅनडात,
तिकडे रात्र, इकडे सकाळ.
शेजारच्या पोराच्या हातात फोन,
फोनात हसमुखभाई, अंगात जाड स्वेटर.
छपरावर सोलर बसलंय, निंबाची सावली पडते,
अर्धा निंब उतरवा.
तीन हजार दोनशे, लाकूड माझं.
(भाव करण्यात मी कच्चा.
झाडाकडे बघता बघता
समोरच्याचा आकडा मान्य होऊन जातो.)

वरून गाव वेगळं दिसतं.
टाक्यांची झाकणं, वाळत घातलेल्या मिरच्या,
एका गच्चीवर एकटीच नाचणारी मुलगी.
मी दुसरीकडे पाहिलं.
वर चढलेल्या माणसाने फार पाहू नये,
एवढं वळण आहे या धंद्याला.

तीन फांद्या गेल्या.
नगीनने उतरवल्या,
पन्हाळीला न लागता, तुळशीला न लागता.
चौथीत करवत किंचाळली.
ठिणगी. दात उडाले.
निंबात जळक्या लोखंडाचा वास!

कोयत्याने बाजू काढत गेलो.
आत साखळी. अंगठ्याएवढ्या कड्या.
झाडाने वरून साल ओढून घेतलेली,
जखम नाही, चीक नाही, नुसता फुगवटा,
सुपारी धरलेल्या गालासारखा.

फोन वर धरला पोराने.
फोनातला माणूस गप्प.
मग म्हणाला, हिंचको.
मग म्हणाला, कंचनबेन.
पुढचा आवाज तुटत तुटत आला.
रेंज गेली असेल. किंवा नसेल.
मी वर, करवत बंद, एका पायावर भार.
पोरगा ओरडला, काका विचारतात,
ही डाळ राहू देता येईल का?

अर्ध्याहून जास्त कापलेली.
वजन सगळं बाहेर, ऊन चढतंय,
खाली नगीनच्या तळहातात ताण.
म्हटलं, नाही.
म्हटलं, बाजूला व्हा सगळे.
दोराला एक झटका.

करवतीची नवी चेन साडेसातशेला.
हसमुखभाईंनी ठरल्याच्या वर पाचशे पाठवले,
साखळी शेजारी ठेवायला सांगितली.
पोराने ती नळाखाली धुतली,
मग कुठे ठेवायची ते त्याला सुचेना.

परतताना वळणावर नगीन उतरला,
पण गेला नाही.
म्हणाला, जुना दोर आहे का एखादा?
पोरगी मागे लागलीय. अंगणात महुडा आहे.
सहा वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य.

आहे, म्हटलं. माझं वजन पेलत नाही आता,
तिचं पेलेल.
फक्त आवळून बांधू नकोस,
खाली गोणपाट घाल,
आणि दर होळीला गाठ सोडून
वीतभर पुढे सरकव.