पंचेचाळीसला येणारा आवाज

चाळीसपर्यंत काही नाही.
पंचेचाळीसला मागून कुणीतरी गुणगुणायला लागतं,
पन्नासला रडतं,
साठ मी दिवाळीपासून पाहिलेलं नाही.

आधी वाटलं, माल.
हंड्यात हंडे, घागरी पोत्यात,
सिन्नरपर्यंत वाजत जाणं त्यांच्या रक्तातच आहे.
सगळं उतरवलं, रिकामी पिकअप घेऊन
पहाटे उड्डाणपुलावर गेलो, काचा खाली करून.
कठडा आवाज परत फेकतो.
त्यात माझं एकही भांडं नव्हतं.

मग टायर. पुढचे मागे, मागचे पुढे.
डांबर संपलं, काँक्रीट आलं, आवाज तोच.
गाडी डावीकडे झोकली, उजवीकडे झोकली;
चाकाचं बेअरिंग असतं तर एखाद्या वळणावर बोललं असतं.
रेस दिली की हुंकार, पाय काढला की गप्प.
एवढं कळलं. पुढचं कळेना.

तांबट आळीत चाळीस वर्षं मी कानावर जेवतोय.
हातोडी कुठे बोदी पडली
ते मला शेजारच्या दुकानातून ऐकू येतं.
वडनेऱ्यांकडे लोक घागर वाजवून न्यायला येतात.
आणि हे माझ्याच बुडाखाली.

बायको म्हणाली, रेडिओ लावा.

आडगाव नाक्यामागे इलाही मिस्त्री.
त्याचे कान गेलेत, बिनसायलेन्सरच्या इंजिनांत.
मी ओरडून सांगितलं: रेस दिली की, पाय काढला की.
त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं,
मागची चाकं उचलली, घोड्या लावल्या,
पोऱ्याला बोटांनी दाखवलं, चौथा टाक, पंचेचाळीस धर,
आणि गाडीखाली सरकला.
लांब पेचकस. टोक हौसिंगला,
मूठ दातांत.

मी वाकून पाहत होतो.
डोळे मिटलेले, जबडा थरथरत.
डावा हब: नाही. उजवा: नाही.
पिनियनच्या नाकाशी आला
आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं.
"इथं."

झाकण उघडलं. नव्वद नंबरचं तेल
चंदेरी होऊन खाली आलं,
कल्हई करताना भांड्याच्या कडेला धावते तशी झाक.
क्षणभर मला सुंदरच वाटलं.
ते बेअरिंग होतं, पीठ झालेलं.
उरलेल्या रोलरांवर देवीचे वण.
सील कधीपासून गळत असणार, मिस्त्री म्हणाला,
दारात डाग पडला असेल.
पडला होता.
मी त्यावर पोतं टाकत होतो.

दोन दिवस पत्र्यांत गेले, कागदाइतक्या पातळ,
एक घाल, एक काढ.
त्याचा शेंदूर संपलेला; मी घरून नेला,
देवघरातली डबी, बायकोला न सांगता.
तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावला,
चाक हातानं फिरवलं.
ठसा टाचेवर पडला. पुसला. पत्री बदलली.
ठसा चवड्यावर. पुसला.
"दाताच्या पोटात पाहिजे."
तिसऱ्या दिवशी जेवणाआधी पोटात पडला.
त्यानं मला हाताला धरून दाखवला,
मी गिऱ्हाइकाला मठार दाखवतो तसा.

साडेसहा हजार.
पाचशे सोडा म्हणालो, ते त्याला ऐकू आलं नाही.

दहाव्या मैलाकडे आम्ही दोघं निघालो.
पंचेचाळीस. पन्नास. साठ.
तो दरवाज्याच्या पत्र्याला जबडा टेकून बसलेला,
मी काचा खाली केलेल्या.
पासष्टला फाळक्याची साखळी ऐकू आली.
मागे तिची एक कडी तुटली तेव्हा
मी तांब्याची घडवून घातली होती;
लोखंडात ती वेगळी वाजते.
मी विसरूनच गेलो होतो.

"आहे का काही?" मिस्त्रीनं विचारलं, उगाच मोठ्यानं.
मी मान हलवली, नाही,
आणि ओझरच्या अलीकडे गाडी वळवली.