उलटं पाणी

रविवारी पहाटे साडेचारला
उद्यमबागेच्या फाटकापाशी
कल्लाप्पाच्या टेम्पोवर होड्या आवळतो आम्ही.
एक लाल, दुसरी कधीकाळी पिवळी,
बुडाला घमेल्याच्या प्लास्टिकचं ठिगळ,
आमच्याच फौंड्रीत तापवून चिकटवलेलं.
वॉचमन विचारतो, मासे काय?
व्हय म्हणतो. समजावत कोण बसणार.

जांबोटीला चहा. पारवाडच्या पुढं
रस्ता संपतो आणि आवाज सुरू होतो.

भाद्रपद सरलाय. नाल्याचा लाल रंग उतरून
काढ्यासारखं पाणी, तळाचे गोटे दाखवणारं.
खांद्यावर होडी, पायाखाली तेरडा,
म्हशींमागं सुंद्राक्का:
"एवढं ओझं खाली न्यायचं
आणि तेच परत वर आणायचं?"
व्हय आक्का.
ती म्हशीकडं बघते, जणू तिला विचारते.

सतरा वर्षं ओतकाम करतोय मी.
वितळलेलं लोखंड साच्यात कुठं घाई करतं,
कुठल्या कोपऱ्यात अडतं,
कुठं हवा धरून बसतं, डोळ्यांना पाठ.
पाणीही तसंच वागतं,
फक्त गार होऊन थांबत नाही.

धोंड्यावर गुळगुळीत फुगवटा, खाली फेस,
आणि धोंड्याच्या पाठीमागं, बाजेएवढ्या जागेत,
वर चढणारं पाणी.
कल्लाप्पा त्याला उलटं पाणी म्हणतो.
तिथं टेकायचं, दम खायचा, पुढचं वाचायचं.

तिसऱ्या उडीला वल्हं उशिरा पडलं.
एवढंच.
आणि आभाळ खाली गेलं.

गुडघे होडीत, डोकं तळाशी,
हेल्मेटवर गोटे टक टक,
कुणी दार वाजवल्यागत.
मी मोजत होतो. ओंदु, एरडु, मूरु,
हणमंतप्पा मेस्त्रीनं भट्टीवर शिकवलेलं.
आईचे एक दोन तीन
आठवलेच नाहीत.
ऐदुला कंबर वळली, आपसूक.

वर आलो तेव्हा कल्लाप्पा उलट्या पाण्यात,
हातात दोरीची पिशवी, ओठ पांढरे.
"वीस तरी झाले असतील."
पाच, म्हणालो.
नाकातून नाला गळत होता,
कुजक्या पानांच्या वासाचा.

मग बराच वेळ तिथंच बसलो.
सगळं खाली धावत होतं
आणि आमच्यापुरता नाला
डोंगराकडं परत निघाला होता.

चढताना सुंद्राक्का तिथंच.
"काय गावलं?"
काय नाही.
"बरं," म्हणाली,
काठी काखेत मारली
आणि माझ्या होडीचं मागचं टोक उचललं.