शिमग्याला देतो

हर्णै बंदरात चारचा लिलाव लागायच्या आधी
सोसायटीच्या माडीवर पंखा फिरतोय, न फिरल्यासारखा.
हिराजी पावसे माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावतात,
हाताला अजून बर्फाच्या भुशाचा वास.
"तीन आहेत म्हणतेस, तिन्ही फुकट,
मग अडलंय कुठे?"

फुकट म्हणजे, काका, होडी फुकट.
तेल-डांबर आपलं, नांगर आपला,
आणि बुडाली तर ओरडायचं कुणावर, तेही आपणच ठरवायचं.

पहिली एका फायलीत मावते.
तिला ना खोली लागते, ना राखणदार.
रहिमतुल्ला मुकादमच्या मोबाइलात बसून
रेंज संपते त्याच्याही पुढे जाते,
किती सुरमई, किती डिझेल, लिहून आणते.
फक्त लिहिणारा हात एका वेळी एकच.
दुसऱ्याने थांबायचं.

दुसरीला एका बापाने मुलीचं नाव दिलं.
(इथे काका पहिल्यांदा हसले.
खाली पाण्यात 'जान्हवी' होती, 'फातिमा' होती,
त्यांची स्वतःची 'सुगंधा', रंग उडालेली.)
पुढे ती मोठ्या पेढीच्या हाती गेली,
तर त्याने तिच्याच मापावर नवी बांधली
आणि धाकटीचं नाव घातलं.
थोरलीच्या नाळेवर गादा, धाकटीच्या समुद्रसिंह.
मुरूडला वत्सला नागवेकरच्या चार खोल्यांना ती छान पुरते:
कुणाला समुद्राकडची, कुणाला सोलकढी नको.
बघणारे हजार, लिहिणारी एकटी वत्सला,
आणि स्वस्तातल्या सर्व्हरवर ती आधीच बांधून ठेवलेली असते.

तिसरीचं चिन्ह हत्ती.
"बंदरात हत्ती कशाला?"
चार वाजता खाली बघा ना.
चाळीस तोंडं एकदम भाव फोडतात.
हिच्याकडे एकाचं लिहिणं दुसऱ्याच्या वाचण्याआड येत नाही.
टोपली गेली तर पैसे आलेच पाहिजेत;
मध्येच वीज गेली, तर टोपलीही गेली नाही.
जाळं कुठल्या वावात टाकलं, नकाशावर दाखवते.
जुनी पानं मात्र लगेच फेकत नाही,
मागून झाडू फिरवावा लागतो.

मी हत्तीकडे कलले होते,
तेवढ्यात काकांनी उधारीची वही उघडली.
'परतफेड' या रकान्यात, तारखेच्या जागी,
त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात:
शिमग्याला देतो.

मी तीच ओळ तिघींना घालून पाहिली.
हत्ती म्हणाला, ही तारीख नव्हे. दार बंद.
गादा, जुन्या सवयीचा, हो म्हणाला
आणि शून्य शून्य शून्य लिहून मोकळा झाला.
फाईल काहीच बोलली नाही,
दिलं तसं ठेवून घेतलं.

"ही आपल्यातली," काका म्हणाले.
आणि जरा थांबून,
"म्हणूनच नको. असंच ठेवून घेत घेत
माझी अर्धी वही बुडीत गेली."

पुढचं पान फयानच्या सालचं.
बर्फ, डिझेल, दोन जाळी.
परतफेड: बोट आल्यावर.
नावावर त्यांनी अंगठा ठेवला होता, मी हलवायला सांगितलं नाही.

"इथे शून्य घालू नकोस. शून्य म्हणजे फिटलं."
नाही घालत.
तिघींकडेही एक जागा असते, काका,
शून्य नसलेली, कोरी ओळही नसलेली,
'माहीत नाही' एवढंच सांगणारी.
दोन माहीत-नाही शेजारी ठेवून विचारलं, सारखे का,
तर तेही माहीत नाही म्हणते.

खाली पापलेटचा भाव फुटला, कुणीतरी शिवी हासडली.
काका उठले, चष्मा खिशात.
"तिघींकडे आहे ना? मग हत्तीच घे.
त्याला दार लावता येतं."

रात्री मी तारखेशेजारी एक जादा रकाना काढला,
मजकुराचा, लांबीची अट नसलेला.
त्याला नाव द्यावं लागतं.
'शेरा' लिहिलं, खोडलं.
'शब्द' लिहिलं.